वायरचा पक्का जोड: आधी पीळ, मग सोल्डर

दुरुस्त केलेली वायर पुन्हा तुटली की ती नेमकी कुठं तुटली ते बारकाईनं बघा. बहुतेक वेळा दोनपैकी एक प्रकार सापडतो. एक तर सोल्डरच्या गोळीतून वायर अलगद निसटलेली असते आणि गोळीत तिच्या आकाराचं भोक तेवढं राहिलेलं असतं. नाहीतर जोड अगदी शाबूत असतो, पण वायर त्याच्या शेजारी, सोल्डर संपतं तिथून दोन-चार मिलिमीटरवर मोडलेली असते. पहिल्या प्रकारात सोल्डरनं वायरला धरलेलंच नव्हतं. दुसऱ्यात जोड चांगला झाला होता, पण चुकीच्या जागी. दोन्ही तुटण्यांचं कारण वेगळं, उपायही वेगळा.

सोलापुरात अशा तुटक्या वायरींना तोटा नाही. यंत्रमागाच्या शेडमधली दिवसभराची थरथर, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर एकाला एक जोडत नेलेल्या लायटिंगच्या माळा, आसपासच्या गावांतून रिवाइंडिंगला येणाऱ्या विहिरीवरच्या मोटारी, आणि मार्च उजाडला की रात्रंदिवस फिरणारे पंखे-कूलर. घरात कुणीतरी एक सोल्डरिंग गन बाळगून असतोच. ती हातात धरता येते म्हणजे सोल्डरिंग येतं, असा मात्र एक गोड गैरसमज आहे.

तर मुळात सोल्डर धरतं कसं? नेहमीच्या वापरातलं सोल्डर म्हणजे कथिल आणि शिसं यांचं मिश्रण. निव्वळ कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, निव्वळ शिसं ३२७ला. पण ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसं एकत्र केलं की ते मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होतं, दोघांपेक्षाही कमी. तांबं वितळायला मात्र १०८५ अंश लागतात. म्हणजे सोल्डरिंग करताना तांबं काही वितळत नाही. वेल्डिंगमध्ये जसे दोन्ही तुकडे वितळून एकजीव होतात, तसं इथं होत नाही. इथं वितळलेलं कथिल तापलेल्या तांब्याशी रासायनिक संयोग करतं आणि दोघांच्या सीमेवर तांबं-कथिलाच्या संयुगाचा एक थर तयार होतो. त्याची जाडी मायक्रोनमध्ये मोजायची. खरी पकड असते ती या थराची.

हा थर तयार व्हायला दोन अटी आहेत. तांब्यावर ऑक्साइड (हवेनं चढलेला गंजासारखा थर) किंवा मळ नको, आणि तांबं स्वतः सोल्डरच्या वितळबिंदूच्या वर तापलेलं हवं. पहिली अट सगळ्यांना ठाऊक असते. दुसरी बहुतेक जण विसरतात. गनच्या टोकावर सोल्डर वितळवायचं आणि तो थेंब थंड वायरवर नेऊन टेकवायचा, हे दृश्य कुठल्याही गल्लीत दिसेल. तो थेंब अळवावरच्या पाण्यासारखा नुसता बसून राहतो. थंड झाल्यावर वायरला घट्ट बिलगल्यासारखा दिसतो खरा, पण खाली संयुगाचा थर नसतोच. मग पहिल्या हिसक्याला वायर बाहेर. याला कोल्ड जॉइंट म्हणतात, आणि पहिल्या प्रकारच्या तुटण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

जुन्या पिढीनं हे सगळं रसायन दारात बसून पाहिलंय. कल्हईवाला पितळी पातेलं भट्टीवर तापवायचा, नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्यानं घासायचा, भपकन पांढरा धूर निघायचा, आणि मग कथिलाची कांडी नुसती टेकवली की चकाकी पातेलंभर पळायची. तो कथिल आधी वितळवून गार पातेल्यात ओतत नसे. आधी पातेलं तापवायचं, मग त्या पातेल्याच्याच आचेवर कथिल वितळवायचं. नवसागरानं धातूवरचा ऑक्साइड निघायचा. वायरच्या कामात नवसागराची जागा राळ घेते. चीडाच्या झाडापासून मिळणारी ही राळ सोल्डर वायरच्या पोटात आधीच भरलेली असते. गार असताना ती निरुपद्रवी. तापली की तिच्यातलं आम्ल जागं होऊन तांब्यावरचा ऑक्साइड खातं. तिचा धूर निघतो तेवढे सेकंदच ती कामाची, एकदा जळून गेली की संपली. त्यामुळे जुन्याच सोल्डरवर गन फिरवत बसून जोड सुधारत नाही. नवं सोल्डर थोडं लावलं तर सुधारतो, कारण त्याबरोबर ताजी राळ येते.

दुकानात गेल्यावर विचारतात, "साठ-चाळीस देऊ का मालक, त्रेसष्ट-सदतीस?" हातानं वायर जोडायच्या कामाला दोन्ही चालतात. फरक एवढाच, की ६०/४० थिजताना काही अंशांच्या पट्ट्यात लापशीसारखं अर्धवट राहतं आणि त्या क्षणी हात हलला तर जोडात भेगा पडतात. ६३/३७ एकदम थिजतं. हात थरथरत असेल तर चार पैसे जास्त देऊन तेच घ्या. शिसंविरहित सोल्डरही मिळतं. युरोपात जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक मालात शिशावर निर्बंध आले आणि कारखान्यांत तेच रूढ झालं. ते २१७ ते २२७ अंशांच्या आसपास वितळतं, गन जास्त तापवावी लागते आणि जोड मुळातच थोडा मंद, दाणेदार दिसतो. मोबाइल चार्जरच्या आतला जोड निस्तेज दिसला म्हणून तो खराब असेलच असं नाही.

लहान डबीतली पिवळसर पेस्ट घेताना मात्र जपून. काही पेस्टमध्ये राळेऐवजी झिंक क्लोराइडसारखे क्षार असतात. पत्र्याचं काम करणाऱ्याला त्या फार सोयीच्या, कारण कितीही काळवंडलेला पत्रा साफ होतो. पण बारीक तारांच्या वायरमध्ये हे क्षार तारांच्या फटीत शिरतात, वरून स्लीव्ह (जोड झाकणारी नळी) चढते, आणि आत तांबं हिरवं पडत सहा महिन्यांत जोड कुजतो. वायर काळी पडली असेल तर ब्लेडच्या पाठीनं किंवा बारीक पॉलिश पेपरनं घासा, राळेचा फ्लक्स, म्हणजे ऑक्साइड काढणारं द्रव्य, लावा. अशी ॲसिडची पेस्ट वायरच्या कामात नको.

आता गन. सर्वसाधारण समज असा, की कमी वॉटची गन नाजूक कामाला सुरक्षित. वायरच्या बाबतीत हे उलटं पडतं. तांबं उष्णतेचं उत्तम वाहक असल्यानं तुम्ही जोडाला दिलेली उष्णता वायरीतून दोन्ही बाजूंना पळत असते. गन दुबळी असेल तर जोड तापेपर्यंत पंधरा-वीस सेकंद टेकवून ठेवावी लागते, आणि तेवढ्या वेळात उष्णता आतपर्यंत जाऊन पीव्हीसीचं आवरण मऊ पडतं, मागं सरकतं, कधी आतल्या दोन वायरी एकमेकींना चिकटतात. दमदार गन तेच काम तीन-चार सेकंदांत उरकते आणि आवरणाला झळ पोचण्याआधी बाजूला होते. पीसीबीवरच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीवरच्या) बारीक पार्टसाठी २५ वॉट ठीक. पंख्याच्या किंवा मोटारीच्या वायरीला ६० वॉट घ्या.

इथं एक गंमत आहे. साध्या गनमध्ये तापमान राखणारं काही नसतं, नुसती तापणारी कॉइल. तिची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर २५ वॉट देणारी गन १९० व्होल्टवर जेमतेम १७ वॉट देते. संध्याकाळी लाइन उतरलेली असताना सकाळचीच गन "आज चालेना" होते ती यामुळे. त्यात डोक्यावर पंखा. सोलापूरच्या मेमध्ये पंखा बंद करा म्हणणं जिवावर येतं, पण वाऱ्याचा झोत थेट जोडावर येत असेल तर तोही उष्णता पळवतो. पंखा चालू राहू द्या, आडोसा घेऊन बसा.

गनचं टोक चांदीसारखं चकचकीत दिसलं पाहिजे. काळं पडलेलं टोक उष्णता देत नाही, कितीही वॉटची गन असो. साध्या तांब्याचं टोक असेल तर कानस मारून पुन्हा सोल्डर चढवता येतं. ही टोकं हळूहळू झिजतात कारण कथिल तांबं विरघळवत असतं. महागड्या गनच्या टोकावर मात्र लोखंडाचा पातळ मुलामा असतो. त्याला कानस लावली की टोक कामातून गेलं. त्याला ओला स्पंज किंवा पितळेची लोकर. आणि काम संपल्यावर टोक पुसून ठेवायचं नाही, उलट त्यावर सोल्डरचा थर ठेवूनच गन बंद करायची. तो थर हवेपासून टोकाचं रक्षण करतो.

आता प्रत्यक्ष जोड. त्याआधी एक आकडा: कथिल-शिशाच्या सोल्डरचा विद्युत अवरोध तांब्याच्या साधारण आठ-नऊपट असतो, आणि ताकद तर तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून वीज तांब्यातून तांब्यात गेली पाहिजे आणि ओढ पिळानं सोसली पाहिजे. सोल्डरनं फक्त फटी भरायच्या, हवा आणि ओल बाहेर ठेवायची आणि पीळ सैल होऊ द्यायचा नाही. दोन वायरींची टोकं नुसती शेजारी ठेवून वर सोल्डरचा गोळा थापला तर सगळा भार त्या मऊ धातूवर येतो.

आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या मुलांना पहिल्याच वर्षी जोडांचे प्रकार करायला लावतात: रॅट टेल, मॅरीड, वेस्टर्न युनियन, ब्रिटानिया. नावं तारायंत्राच्या जमान्यातली. खांबाखांबांवर ताणलेली तार जोडायची तर ओढ सोसणारा जोड हवा, त्यातून वेस्टर्न युनियन आला. नासानं या जोडाच्या ओढून चाचण्या घेतल्या तेव्हा नीट केलेल्या जोडात तार तुटली ती सोल्डरच्या बाहेर. घरच्या कामाला हा एक जोड हाताला बसला तरी पुष्कळ.

सगळ्यात आधी हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी, वायरीत ओवा आणि जोडापासून लांब, वीतभर मागं सारा. हे आधीच केलं नाही तर नंतर कपाळाला हात. जवळ ठेवली तर जोडाच्या उष्णतेनं ती तिथंच आवळून बसते. मग दोन्ही वायरींचं आवरण तीनेक सेंटिमीटर सोला. पकडीनं किंवा दातानं ओढून नव्हे. आतल्या बारीक तारांपैकी दोन-चार कापल्या गेल्या की वायर तिथंच कमजोर झाली, आणि ती नंतर तुटणार तीही तिथंच.

उघड्या तारा बोटांनी हलक्या पिळून एकत्र करा. दोन्ही टोकं मधोमध एकमेकांवर फुलीसारखी धरा. आता डावं टोक उजव्या वायरीभोवती आणि उजवं टोक डाव्या वायरीभोवती गुंडाळा, प्रत्येकी पाच-सहा घट्ट वेढे, एकाला एक लागून. शेवटचं टोक पकडीनं दाबून बसवा. उभं राहिलेलं टोक नंतर स्लीव्ह फोडतं. आता सोल्डर न लावताच दोन्ही बाजूंनी ओढून बघा. ओढल्यावर वेढे आणखी आवळले पाहिजेत. सैल पडत असतील तर सोल्डर त्यांना वाचवणार नाही, सोडा आणि पुन्हा पिळा. वायर खूपच बारीक तारांची नि मऊ असेल तर मॅरीड जोड बरा: दोन्ही टोकं कुंच्यासारखी पिंजारायची, एकमेकांत घुसवायची आणि मग तारा दोन्ही बाजूंना लपेटायच्या.

जोड हवेत अधांतरी ठेवून सोल्डर करू नका. एका हातात गन, दुसऱ्यात सोल्डर, मग वायर कोण धरणार? लाकडाच्या फळीवर दोन खिळे ठोकून किंवा कपड्यांचे दोन चिमटे घेऊन वायर बसवा. गनच्या टोकावर सोल्डरचा अगदी एक ठिपका घ्या. तो जोडाला चिकटवायला नाही, टोक आणि वायर यांच्यात उष्णता उतरायला पूल म्हणून. टोकाची सपाट बाजू जोडाच्या खालून टेकवा. अणी टेकवलीत तर उष्णता जाणार कुठून? दोन सेकंद थांबा. आता सोल्डरची वायर जोडाला वरून टेकवा, गनला नाही. लगेच वितळली नाही तर तांबं अजून तापलेलं नाही, आणखी एक-दोन सेकंद द्या.

मग एक क्षण असा येतो, की सोल्डर टेकवल्याबरोबर नाहीसं होतं. गोळा होत नाही, ओघळत नाही. वेढ्यांच्या फटींत आपोआप शोषलं जातं आणि तांबूस जोड एका टोकाकडून दुसऱ्याकडे रुपेरी होत जातो. ही केशाकर्षणाची करामत. गन थोडी पुढं सरकवा, तेवढंच सोल्डर पुढं द्या. पूर्ण जोड रुपेरी झाला की आधी सोल्डर बाजूला, मग गन. त्यानंतर चार-पाच सेकंद हात लावायचा नाही, फुंकरही मारायची नाही. थिजताना हललेला जोड भुरकट आणि चिरलेला दिसतो.

चांगला जोड ओळखायचा कसा? त्यात वेढे मोजता यायला हवेत. वर सोल्डरचा जाड थर चढून आतला पीळच दिसेनासा झाला असेल तर आत काय आहे ते देव जाणे. सोल्डरची कड तांब्यावर पातळ होत विरलेली हवी, गोलाकार फुगून उभी राहिलेली नको. लोक भरपूर सोल्डर म्हणजे भरपूर ताकद समजतात. मी तर जाडजूड चकाकता गोळा दिसला की आधी त्याच्यावरच संशय घेतो.

स्लीव्ह जोडाच्या दोन्ही बाजूंना आवरणावर किमान एक सेंटिमीटर तरी चढलेली असू द्या आणि मधून कडांकडे तापवत न्या. काडेपेटीनं होतं, पण काजळी धरते आणि स्लीव्ह एका बाजूनं करपते. लायटर असेल तर ज्योत लांबून फिरवा.

आता दुसऱ्या प्रकारचं तुटणं. बारीक तारांची वायर लवचिक असते ती तारा एकमेकींवरून सरकतात म्हणून. सोल्डर शिरलं की तेवढ्या भागात त्यांची सळई होते. सळई वाकत नाही, मग सगळं वाकणं तिच्या कडेला, जिथं कडक भाग संपून मऊ सुरू होतो तिथं, एकाच बिंदूवर गोळा होतं. त्यात जास्त वेळ गन टेकवल्यानं सोल्डर आवरणाखाली सरकलेलं असेल तर ती कड बाहेरून दिसतही नाही. पंख्याच्या आत स्थिर बसलेल्या वायरीला याचं काही नाही. पण इस्त्रीची कॉर्ड, इअरफोन किंवा मागावर थरथरणारी वायर असेल तर महिन्याभरात तिथंच मोडणार. सोल्डर आवरणाच्या अलीकडे एक-दोन मिलिमीटरवर थांबवा, आणि जोडाच्या पुढं-मागं वायर टायनं किंवा क्लिपनं बांधून टाका, म्हणजे वाकणं तिथवर पोचणारच नाही. मागाच्या अंगावरच्या वायरीला तर मी सोल्डर सुचवतच नाही. तिथं क्रिंप केलेला लग, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून घट्ट बसवलेला धातूचा तुकडा, बरा. सतत हादरे बसणाऱ्या गाड्यांच्या आणि विमानांच्या वायरिंगमध्येही म्हणूनच क्रिंपिंगवर भर असतो. शेडमध्ये दुसरंही कारण आहे: हवेत सुताचे उडते तंतू, खाली कापसाचा थर, आणि हातात ३५० अंशांची गन. सोल्डर करायचंच असेल तर वायर सोडवून बाहेर टेबलावर आणा.

स्क्रूखाली बसणाऱ्या टोकाला सोल्डर लावणं ही आपल्याकडची आवडती सवय. प्लगमध्ये, स्विचबोर्डात, स्टार्टरमध्ये तारा विखुरतात म्हणून टोक सोल्डरनं एकत्र करतात आणि स्क्रू आवळतात. त्या दिवशी झकास बसतं. पण सोल्डर दाबाखाली अगदी सावकाश वाहतं. १८३ अंशांना वितळणाऱ्या धातूला आपली खोली तशी गरमच, आणि पत्र्याच्या शेडमधला मेमधला बोर्ड तर आणखी गरम. काही महिन्यांत टोक चपटं होतं, स्क्रू न हलताही पकड सैल पडते, सैल जागी अवरोध वाढतो, अवरोधानं उष्णता, उष्णतेनं सोल्डर आणखी मऊ. शेवटी प्लगची पिन काळी पडते नि जळका वास येतो. अशा ठिकाणी टोकावर दाबून बसवायच्या नळीसारख्या फेरुल किंवा लग मिळतात, त्या वापरा. भिंतीतल्या घरगुती वायरिंगमध्येही जोड सोल्डरच्या भरवशावर सोडू नका, कनेक्टर घाला.

काही वायरींना सोल्डर धरतच नाही. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइड राळेला दाद देत नाही आणि घासून काढला तरी क्षणात परत येतो. स्वस्तातल्या काही वायरींत वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असतं. ब्लेडनं खरवडल्यावर आत पांढरं दिसलं तर समजा. सोल्डर आधी धरल्यासारखं करेल, जास्त आच लागली की मुलामा सोल्डरमध्ये विरघळून सगळं सुटून येईल. मोटारीच्या वाइंडिंगची तार तांब्याची असली तरी तिच्यावर वार्निशासारखं इनॅमल असतं. ते पुरतं खरवडून चहूबाजूंनी लखलखीत तांबं दिसेपर्यंत सोल्डरला हात लावू नये. वाइंडिंगच्या दुकानात ब्लेड घेऊन बसलेला पोरगा निम्मा वेळ हेच करत असतो.

धुराबद्दल थोडं. जो धूर नाकात जातो तो शिशाचा नसून राळेचा. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य. पण राळेचा धूर काही कमी नाही, रोज घेणाऱ्याला त्यानं दमा जडू शकतो, तेव्हा खिडकी उघडी आणि तोंड बाजूला. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. सोल्डर वायर तोंडात धरून काम करणारे अजूनही दिसतात, त्यांना हटकलंच पाहिजे. हात साबणानं धुतल्याशिवाय चहा-भजीला बसू नका आणि सोल्डरचे कण झाडून गोळा करा, रांगतं मूल घरात असेल तर विशेषकरून.